धोंड्याच्या महिन्यातले गान्सितो

आमच्या अक्कांनी लेस्टरच्या बाहेर एका कारखान्यात वीसेक वर्षं केक पॅक केले, आणि त्यामुळे पाकिटातला केक हा खायचा पदार्थ आहे यावर त्यांचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. कुणाच्या वाढदिवसाला तसला केक पुढे आला की त्या आधी पाकिटाचं सील बघतात, मग तारीख बघतात, आणि मग मान हलवून ठेवून देतात. "पट्ट्यावरून जाताना दिवसभर ज्याच्यावर नजर ठेवली, ते आता तोंडात घालू होय?" असं विचारतात. विचारलेलं असतं मला, कारण दुसरं कुणी ऐकून घेत नाही.

अक्का म्हणजे लीलावती शिर्के, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी यमुना, धाकटी. आमची घरं एकाच रस्त्यावर, मधे एक पोलिश कुटुंब. त्या बिचाऱ्यांना आमच्या दोघींची भांडणं दोन्ही भिंतींतून ऐकू येतात, तरी ख्रिसमसला कार्ड टाकतात. अक्कांना कारखान्यातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातली सुपरवायझर काही रिटायर झाली नाही. बेलग्रेव्ह रोडवर भेंडी घेताना एकेक शेंडा मोडून बघतात आणि दुकानदाराशी साताऱ्याच्या हेलात गुजराती बोलतात. कौन्सिलला फोन करून कचऱ्याच्या डब्यावरून अशा काही भांडतात की पलीकडचा माणूस शेवटी त्यांनाच थँक यू म्हणतो. नाकावर माशी बसू देत नाहीत. माझ्यावर तर रोज एकदा तरी डाफरतात, आणि नाही डाफरल्या तर मी जाऊन विचारते, बरं आहे ना म्हणून.

त्यांची एकुलती एक लेक तनिषा, आमची तनू, कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओ आहे. दोन वर्षांपूर्वी तिने तिथेच युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या एका मेक्सिकन मुलाशी लग्न केलं. त्याचं नाव रामिरो. अक्कांनी लग्नात सगळ्यांदेखत त्याला रामराव करून टाकलं. म्हणाल्या, जावयाला एकेरी हाक मारायची नसते, आणि हे नाव राव लावण्यासाठीच बनलेलं दिसतंय. मुलगा गुणी. उंच, हसरा, वरणभात चमच्याने खातो पण दोनदा मागून घेतो. अक्कांना तो आवडला होता, फक्त कबूल करायचं नव्हतं. "बरा आहे" एवढंच म्हणायच्या, आणि अक्कांच्या तोंडून बरा म्हणजे फार झालं.

मग एप्रिलमध्ये तनूचा फोन आला. रामरावांना त्यांच्या गावी, मॉन्तेरेला, नोकरी मिळाली होती. जूनच्या शेवटी दोघं कायमची तिकडे जाणार होती. अक्कांनी फोनवर "अरे वा" म्हटलं, फोन ठेवला, आणि माझ्याकडे येऊन माझ्याच ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली. मला बोलायचा रोग आहे, तरी मी नुसतं फडकं घेतलं आणि ती पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता. यंदा अधिक महिना होता. आपल्याकडे दर तीनेक वर्षांनी पंचांगात हा एक महिना जास्तीचा येतो, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, आणि तेहतीस नगांचं वाण द्यायचं. आमच्या शिर्क्यांत अनारसे देतात, कारण वाणाच्या पदार्थाला जाळी असावी लागते. लग्नानंतरचा पहिला अधिक असेल तर विचारायलाच नको, दिवाळी फिकी पडते.

"वाण घेतलं की जावई सासूला नाही म्हणत नाही," अक्का म्हणाल्या. "पाटावरून उठायच्या आत मी त्याला सांगणार, माझ्या पोरीला एवढं लांब नेऊ नका."

हा नियम कुठल्या शास्त्रात आहे मला माहीत नाही. मी तर उलटं ऐकलंय, की जावई रुसून बसतो, मागतो, आणि सासू देते. पण अक्कांपुढे शास्त्र कोण काढणार? शिवाय मला त्यांच्या आईची गोष्ट ठाऊक होती. अक्कांचं लग्न झालं आणि भावजींनी वर्षाच्या आत त्यांना इकडे आणलं. पहिला अधिक आला तेव्हा तिकडे जायला जमलं नाही. तर त्या माउलीने साताऱ्याला पाट मांडून त्यावर भावजींचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो ठेवला, फोटोला कुंकू लावलं आणि सगळं वाण त्याच्यापुढे मांडलं. अक्का ही गोष्ट नेहमी हसून सांगायच्या. या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला फोटो ओवाळायचा नाहीये, यमुना."

झालं. जूनच्या पहिल्या शनिवारी दोघांना बोलावलं आणि अक्का कामाला लागल्या.

आता खरी गोष्ट अशी की अक्कांनी अनारसे जन्मात कधी केले नव्हते. सासूबाई होत्या तोवर त्या करायच्या, नंतर दिवाळीला आम्ही विकत आणायचो. पण विकतचे अनारसे पहिल्या अधिकाला? अक्कांनी तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, पुढच्या खोलीत सोफ्यावर पंचा पसरून वाळवले, दळले, गूळ घालून गोळे केले. माझ्यावर लक्ष ठेवून, म्हणजे मी हात लावत नाही ना इकडे, सगळं एकटीने केलं. आणि तुपात पहिला अनारसा सोडला.

तो हसला. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नाही केले त्यांच्यासाठी सांगते. अनारसा क्षणभर शहाण्यासारखा गोल राहतो, मग कडा सुटायला लागतात, आणि बघता बघता कढईत नुसता चुरा तरंगतो. याला अनारसा हसणं म्हणतात. त्या आठवड्यात अक्कांच्या घरात अनारशांखेरीज कुणीच हसत नव्हतं. त्यांनी लेस्टरच्या पाण्याला दोष दिला, गुळाला दिला, कढईला दिला, आणि मी दारात उभी राहिले म्हणून मलाही दिला. पुन्हा तांदूळ भिजवले. भावजी रोज सकाळी दुधात चुरा घालून खायचे आणि म्हणायचे, छान लागतोय. कपाळाला हात लावावा असा माणूस. सगळ्या खटाटोपातून तीन अनारसे मात्र धड निघाले. खसखस चिकटलेले, जाळी पडलेले, अगदी चित्रात दाखवावेत असे. ते अक्कांनी डब्यात घालून देवघराखाली ठेवले. उरलेले तीस कुठून आणायचे?

"बत्तासे द्या," मी म्हटलं. "त्यालाही जाळी असते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघायला लागले. मग त्यांनी स्पीकरवर तनूला फोन लावला आणि आडून-आडून विचारलं, रामरावांना सगळ्यात जास्त काय आवडतं. ज्याच्याकडे एवढं मोठं मागणं मागायचं, त्याच्यापुढे त्याच्या जिवाची वस्तू ठेवावी, असा त्यांचा हिशोब.

तनू इथेच जन्मली, वाढली. तिची मराठी गोड आहे, फक्त कुठला शब्द तो, कुठला ती, याचा तिला पत्ता नसतो. ती खळखळून हसली. "गान्सितो! आई, it's this little cake in a packet. आत jam असते, cream असते, वरती chocolate. तो freezer मध्ये ठेवून खाते. He literally dreams about it. आणि आई, तू सगळं कर, फक्त पाय धुवायची नको हं, please."

अक्कांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. पाकिटातला केक! मला हसू आवरेना. मी पोलिश शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी हसले.

पण बाई जिद्दीची. त्यांनी मलाच कामाला लावलं, आणि मी फोनवर शोधून लंडनच्या एका मेक्सिकन माल विकणाऱ्या दुकानातून खोकी मागवली. ती आली तेव्हा अक्कांनी चष्मा लावला आणि एक पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. पाकिटावर हंसाचं एक पिल्लू होतं. भावजींनी आत बदक आहे का म्हणून विचारलं, त्यांना बाहेर पाठवलं. अक्का म्हणाल्या, सील चांगलं आहे. फोडून म्हणाल्या, चॉकलेट सगळीकडे सारखं बसलंय, कडा उघड्या राहिलेल्या नाहीत. मग सुरीने मधोमध कापून उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"यमुना, बघ. जाळी."

खरंच होती. आतला स्पंज बारीक बारीक भोकांनी भरलेला. वाणाला जाळी हवी ना, मग ही घ्या जाळी. अक्कांनी अर्धा तुकडा खाऊन बघितला, फक्त तपासायला म्हणून. मग उरलेला अर्धाही तपासला. वर्षानुवर्षांचा नेम असा मोडला. मग मी एक तपासला. आम्ही आणखी एक फोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्कांची नजर पाकिटाच्या मागच्या बाजूला गेली आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. केकात अंडं होतं. अधिकात अक्का कांदा-लसूणसुद्धा सोडतात.

"अक्का, इतकी वर्षं केक पॅक केलेत आणि अंडं विसरलात?" मी म्हटलं. त्या चूळ भरून आल्या आणि पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी इथल्या अर्ध्या लोकांच्या पूजा असेच फोनवर सांगतात, त्यांना आता कशाचंच आश्चर्य वाटत नाही. अक्कांनी केक कॅमेऱ्यापुढे धरला, जाळी दाखवली, अंड्याचं हळू आवाजात सांगितलं. गुरुजी खोकले. मग म्हणाले, देवापुढे बत्तासे ठेवा आणि जावयापुढे जावई जे खातो ते ठेवा, देव आणि जावई यांची पंगत वेगळी असते. आणि तुम्ही खाल्लंत ते मी ऐकलेलं नाही, असंही म्हणाले. अक्का म्हणतात, एवढा समजूतदार गुरुजी शोधून सापडणार नाही.

तेहतीस केक मोजून फ्रीजरमध्ये गेले, मटारांच्या मागे. तरी शनिवारी सकाळी मोजले तर बरोब्बर तीस निघाले. भावजी पेपरमागे तोंड लपवून बसले होते, आणि पेपर उलटा होता. अक्का ओरडायच्या आत मीच म्हटलं, चिडताय कशाला, तीस हे आणि तीन ते, झाले तेहतीस. अक्कांनी देवघराखालचा डबा काढला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चाळीस वर्षांच्या जावपणात असा हात दोनदाच पडलाय.

दुपारी लेक-जावई आले. तनूला मी माझी पैठणी नेसवली, पिना मोजल्या नाहीत. तिकडे अक्का सिंकपाशी उभ्या राहून नळाच्या आवाजात पुटपुटत होत्या. मी जवळ जाऊन ऐकलं. "रामराव, प्लीज डोन्ट टेक हर सो फार. रामराव, प्लीज." कितीतरी दिवस त्यांचं हेच चाललं होतं. इंग्रजीत कौन्सिलशी भांडणारी बाई एका वाक्याची घोकंपट्टी करत होती. मला भडभडून आलं, म्हणून मी उगाच भावजींवर ओरडले.

रामराव पाटावर बसले. गुडघे कानाला लागत होते. तनू पाय धुण्यावरून कुरकुरायला लागली, तर त्यांनीच मोजे काढले. म्हणाले, आमच्या गावी ईस्टरच्या आधी चर्चमध्ये पाद्री पाय धुतो, लहानपणी माझे धुतले होते, मला फार गुदगुल्या झाल्या होत्या. अक्कांनी पाय धुतले तेव्हाही झाल्या. मग कुंकू, अक्षता, नवा शर्ट. आणि मग भावजींनी आतून परात आणली.

अक्कांनी सगळी पाकिटं सोडली होती, पाकिटासकट कुणी वाण देतं का म्हणून. तांब्याच्या परातीत तीस गान्सितो एकावर एक रचलेले, शेंड्यावर तीन अनारसे, आणि रीतीप्रमाणे मधोमध पेटवलेलं निरांजन. गारठलेल्या चॉकलेटला त्या ज्योतीची धग लागली मात्र, सगळा डोंगर चकाकायला लागला आणि घळाघळा ओघळ सुटले. तनू किंचाळली, मी निरांजन उचललं, भावजींनी संधी साधून बोट चाटलं. पण रामराव हसले नाहीत. ते परातीकडे बघत राहिले. "गान्सितो," एवढंच म्हणाले, कुणाला तरी हाक मारावी तसं.

"घ्या, रामराव," अक्का म्हणाल्या.

त्यांनी एक उचलला, खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. मग आपल्याशीच बोलावं तसं सांगायला लागले. त्यांची आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. दर शुक्रवारी ती फ्रीजरमध्ये एक गान्सितो ठेवायची. रामराव शाळेतून आले की दोन तुकडे करायची आणि मोठा यांना द्यायची, मला जॅम आवडत नाही म्हणून. खोटं बोलायची, ते म्हणाले. एकोणिसाव्या वर्षी यांनी घर सोडलं, पण आई अजून दर शुक्रवारी एक ठेवते. व्हिडिओ कॉलवर फ्रीजरचं दार उघडून दाखवते, हा बघ तुझा. आला नाहीस की मग शेजारच्या पोरांना देते, आणि दुसरा आणून ठेवते.

अक्कांनी इंग्रजीत विचारलं, आई एकट्याच असतात का. ते हो म्हणाले.

आता, मी मनात म्हटलं. आता विचारा. अक्कांनी तोंड उघडलं. मी पदर मुठीत धरला. त्यांनी वाकून परातीतले तिन्ही अनारसे उचलले, तशाच स्वयंपाकघरात गेल्या, आणि कागदात गुंडाळून एका डब्यात घालून आणले. डबा रामरावांच्या हातात दिला. "फॉर युअर मदर," म्हणाल्या. "नॉट इन फ्रीजर."

तनूने विचारलं, "आई, तू रडतोय का?" अक्का म्हणाल्या, निरांजनाचा धूर गेला. निरांजन माझ्या हातात होतं आणि केव्हाच विझलं होतं.

जेवणं झाली. पुरणपोळी रामरावांनी चारदा मागितली. नंतर तनू त्यांना आणि भावजींना घेऊन पार्कात गेली आणि आम्ही दोघी आवराआवरीला लागलो. मी किती वेळ गप्प बसणार?

"अक्का, विचारलं का नाहीत? एवढा जिवाचा आटापिटा केलात, आणि नेमकं तेच राहिलं."

त्या परात खरवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "विचारणारच होते गं. तो डोळे मिटून खात होता ना, तेव्हा कळलं. त्या बाईचा नंबर माझ्या आधीचा आहे."

मी त्यांच्या हातातली परात घेतली आणि घासायला लागले. त्यांनी घासू दिली. कधी देत नाहीत.

मग हात पुसत म्हणाल्या, "तुझ्या फोनवर बघ बरं, तिकडे आत्ता सकाळ आहे का. विहीणबाई उठल्या असतील तर फोन लावू. नंबर तनूने दिलाय."

"आणि बोलणार कुठल्या भाषेत?"

"बघू. अनारसा चहात बुडवायचा नाही, एवढं सांगितलं पाहिजे त्यांना," अक्का म्हणाल्या आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.